इंजिनाचा पिवळा दिवा आणि त्याचा अर्थनिर्णय

मोटारीच्या डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकृतीचा एक लहानसा पिवळा दिवा असतो. किल्ली फिरविली की तो लागतो, इंजिन सुरू झाले की विझतो, आणि एरवी तो विझलेलाच असावा अशी अपेक्षा असते. हा दिवा लागून राहिला आणि त्याच सुमारास उभ्या गाडीचे इंजिन थरथरू लागले, म्हणजे मालक गॅरेजात जातो. तेथे गाडीला एक यंत्र जोडून पाच अक्षरांचा एक संकेतांक वाचण्यात येतो, त्या संकेतांकावरून ज्या भागाचे नाव सुचेल तो भाग बदलण्यात येतो, आणि पुष्कळदा आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत हा क्रम मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्याला अपवाद न म्हणता रीतच म्हणावे लागेल. या रीतीत दोष यंत्राचा नसून वाचनाचा आहे, आणि ज्या गाडीत मूळ रचनेहून काही बदल केलेला आहे त्या गाडीच्या बाबतीत तर हा वाचनदोष अधिकच महाग पडतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कामशाळांतील शब्द टिपण्याच्या निमित्ताने माझे गॅरेजांत जाणे-येणे होते, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. दिवा ही एक खूण आहे. संकेतांक हे एक नाव आहे. आणि चालकाची तक्रार हे एक वाक्य आहे. या तिहींचा मेळ घालून न दिसणाऱ्या कारणाचा शोध घेणे, हे जे काम चांगला मिस्त्री करतो, ते अर्थनिर्णयाचेच काम होय. ('मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'मेस्त्रे' वरून आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ 'गुरू' असा आहे, हे येथे जाता जाता सांगण्यासारखे आहे.)

प्रथम थरथरीचा विचार करू. गाडी उभी असताना, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, इंजिन स्वतःला जिवंत ठेवण्यापुरते फिरत असते. या अवस्थेला कोशात 'निष्क्रिय गती' असा शब्द सापडेल. पण तो फसवा आहे, कारण इंजिनाला सर्वांत अवघड काम याच वेळी करावे लागते. गॅरेजात या अवस्थेला 'आयडलिंग' किंवा नुसते 'स्लो' म्हणतात, आणि मी तेच शब्द वापरतो. पेट्रोल इंजिनात या वेळी मिनिटाला साधारणतः ७०० ते ९०० फेरे होतात. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा स्फोट होतो. म्हणजे ८०० फेऱ्यांवर तीन सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदाला २० आणि चार सिलिंडरांच्या इंजिनात सुमारे २७ स्फोट होतात. तिहींपैकी एक सिलिंडर गप्प बसला, तर सेकंदाला सहा-सात वेळा एकेक धक्का गळतो आणि तो गळल्याचे आसनाला, स्टिअरिंगला आणि आरशाला कळते. हेच इंजिन ३००० फेऱ्यांवर असले म्हणजे फ्लायव्हीलचा जोर ती उणीव बरीचशी झाकून टाकतो. त्यातच आयडलिंगच्या वेळी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असल्यामुळे आत जाणारी हवा अत्यल्प असते. अशा वेळी एखाद्या चिरेतून चोरट्या वाटेने आलेली थोडीशी हवाही एकंदर हवेचा मोठा हिस्सा होऊन बसते. वेगात असताना तीच हवा नगण्य ठरते. अकोल्याहून अमरावतीकडे येणारा महामार्ग, ज्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला, त्यावर एखादी गाडी लोण्यासारखी धावते आणि मूर्तिजापूरला चहासाठी थांबली की थरथर कापू लागते. यात विरोधाभास वाटतो तो आपल्याला. इंजिनाच्या दृष्टीने ते अगदी सुसंगत आहे.

आता चालकाच्या वाक्याकडे वळू. 'गाडी मिस मारते' हे वाक्य या भागातील प्रत्येक गॅरेजात ऐकू येते. इंग्रजी 'मिसफायर' चा पूर्वार्ध आणि आपले 'मारणे' हे सहायक क्रियापद यांचा हा संसार सुखाचा झालेला आहे. परंतु वऱ्हाडी बोलीत याच तक्रारीची दोन रूपे होतात: 'गाडी मिस मारते' आणि 'गाडी मिस मारून राह्यली'. पहिले रूप सवय सांगते. दुसरे चालू घडीची, न थांबलेली क्रिया सांगते. प्रमाण मराठीत 'मारत आहे' असे म्हणता येते, पण बोलताना आपण दोन्ही ठिकाणी बहुधा 'मारते' म्हणूनच मोकळे होतो. वऱ्हाडी माणूस हा भेद कसोशीने पाळतो. मिस्त्रीच्या दृष्टीने तो भेद अमोल आहे. जो दोष आत्ता, समोर, चालू आहे तो हाताने तपासता येतो. जो अधूनमधून येतो तो केव्हा येतो हे आधी विचारावे लागते: थंड असताना की तापल्यावर, पाऊस पडल्यावर की एसी लावल्यावर. मी ज्यांना चांगले कारागीर म्हणेन ते बॉनेट उघडण्यापूर्वी हे विचारतात. बाकीचे आधी यंत्र जोडतात.

खुणेवरून कारणाकडे जाण्यात धोका काय, याची चर्चा आपल्या न्यायशास्त्रात फार जुनी आहे. कार्यावरून कारणाचे अनुमान करणे, या प्रकाराला वात्स्यायनाने 'शेषवत्' अनुमान म्हटले असून त्याचे उदाहरण दिले आहे ते पूर आलेल्या नदीचे: नदी भरून वाहताना पाहिली की वर कोठेतरी पाऊस झाला असे आपण समजतो. न्यायसूत्रांत यावर आक्षेपही नोंदलेला आहे. नदी खाली कोठे अडविली गेली असली तरी ती भरलेली दिसेल. मग नुसत्या भरण्यावरून पाऊस कसा मानावा? याचे उत्तर मार्मिक आहे. पाऊस मानावयाचा तो नुसते पाणी वाढल्यावरून नव्हे. ओघाचा वेग, फेस, वाहून आलेली फळे, पाने, लाकडे हे सगळे एकत्र पाहून मानावयाचा. अडविलेल्या पाण्यात हे विशेष नसतात. ज्याने आमची पूर्णा आषाढात पाहिली आहे त्याला हे निराळे पटवून द्यावयास नको. इंजिनाचा दिवा म्हणजे नुसते वाढलेले पाणी होय. फेस आणि पाने आपल्याला शोधावी लागतात.

दिवा लागतो म्हणजे नेमके काय होते? आजच्या पेट्रोल गाडीत इंधन किती द्यावयाचे हे एक संगणक ठरवितो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण साधले की नाही, हे धुराड्याच्या वाटेवर बसविलेला ऑक्सिजन सेन्सर पाहतो. बॉश कंपनीने तयार केलेला हा सेन्सर १९७६ मध्ये प्रथम व्होल्वोच्या गाडीत आला. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन उरला असेल तर मिश्रण विरळ आहे, न उरला असेल तर दाट आहे, असा निरोप तो संगणकाला देतो, आणि संगणक त्याप्रमाणे इंधन वाढवितो वा घटवितो. या वाढीघटीला इंग्रजीत 'ट्रिम' म्हणतात. मी तिला 'भरपाई' म्हणतो. भरपाई दोन प्रकारची असते: एक क्षणोक्षणी बदलणारी, आणि दुसरी संगणकाने अनुभवाने शिकून ठेवलेली. शिकलेली भरपाई शेकडा पाच-दहाच्या आत असली म्हणजे गाडी निरोगी समजावी. ती वीस-पंचवीसपर्यंत चढली, की संगणक हात टेकतो आणि दिवा लावतो. तोही एकदम लावीत नाही; साधारणतः लागोपाठ दोन प्रवासांत दोष दिसला तर लावतो. म्हणजे दिवा लागण्यापूर्वी कित्येक दिवस संगणकाने दोष पोटात घातलेला असतो.

अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना ही पद्धती एकसारखी केली गेली. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या मोटारींबरोबर ती २०१० पासून आली आणि २०१३ मध्ये तिचा दुसरा, अधिक कडक टप्पा लागू झाला. संकेतांकांची घडणही एकसारखी आहे, आणि व्याकरणाच्या विद्यार्थ्याला ती आवडावी अशी आहे. 'पी-०१७१' हा संकेतांक घ्या. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअर यांचे खाते. 'बी' आले तर बॉडीचे, 'सी' आले तर चाके-ब्रेकांचे, 'यू' आले तर संगणकांच्या आपसांतील दळणवळणाचे. पुढील शून्य म्हणजे हा संकेतांक सर्व कंपन्यांना समान आहे. तेथे १ असता तर तो त्या कंपनीचा खाजगी शब्द झाला असता. त्यापुढील अंक पोटखाते सांगतो: १ आणि २ इंधन-हवेचे, ३ ठिणगीचे व मिसफायरचे, ४ प्रदूषण-नियंत्रणाचे, ५ आयडलिंगचे. धातूला प्रत्यय लागावेत तशी ही रचना आहे. पण धातू ठाऊक असला म्हणून वाक्य समजले असे होत नाही. 'पी-०१७१' चा शब्दशः अर्थ 'मिश्रण प्रमाणाबाहेर विरळ' इतकाच आहे. ऑक्सिजन सेन्सर बिघडला, असे तो कोठेही म्हणत नाही. विरळपणाची बातमी सेन्सरने आणली, म्हणून सेन्सरच बदलणे, हे तार आणणाऱ्या पोस्टमनला दोष देण्यासारखे आहे. आणि तरीही अर्धीअधिक गॅरेजे हेच करतात.

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही गाडीला लागू आहे. वऱ्हाडातील अडचण पुढे सुरू होते. येथील रस्त्यांवर कंपनीतून निघाली तशीच राहिलेली गाडी विरळा. कोणी गॅस किट बसविले आहे, कोणी एअर फिल्टर काढून मोठा उघडा फिल्टर लावला आहे, कोणी सायलेन्सर बदलला आहे, कोणी पुढे दिव्यांची रांग आणि मागे मोठी स्पीकरची पेटी जोडली आहे. संगणकाला यातले काही ठाऊक नसते. तो जे बोलतो ते मूळ गाडी गृहीत धरून बोलतो. म्हणून बदललेल्या गाडीत संकेतांक वाचण्यापूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न 'कोणता कोड आहे?' हा नव्हे; 'या गाडीत काय काय बदलले आहे, आणि केव्हा?' हा होय.

यांत गॅस किट सर्वांत महत्त्वाचे, म्हणून त्याच्याकडे अधिक लक्ष देतो. आजकालच्या 'सीक्वेन्शिअल' किटमध्ये गॅसचा स्वतंत्र लहान संगणक असतो, परंतु तो स्वतंत्र बुद्धीने चालत नाही. पेट्रोलचा संगणक 'या सिलिंडरला इतका वेळ पेट्रोल सोड' अशी आज्ञा देतो. गॅसचा संगणक ती आज्ञा मध्येच अडवितो, तिला ठरलेल्या प्रमाणाने गुणतो आणि तितका वेळ गॅस सोडतो. गॅसचे हवेशी प्रमाण निराळे असते. सीएनजीतील मिथेनला एक किलोमागे सुमारे १७.२ किलो हवा लागते. हे गुणकाचे कोष्टक गाडी-गाडीगणिक बसवावे लागते आणि तेथेच घाई होते. समजा गॅसचा फिल्टर तुंबला, किंवा कोष्टक आखूड बसले. गॅसवर मिश्रण विरळ होते. सेन्सर तशी बातमी देतो. पेट्रोलचा संगणक, आपण पेट्रोलच देत आहोत या समजुतीने, भरपाई वाढवीत नेतो आणि ती शिकून ठेवतो. मग एके दिवशी गॅस संपतो, चालक बटण दाबून पेट्रोलवर येतो, आणि ती शिकलेली भरपाई आता खऱ्या पेट्रोलला लागते. मिश्रण दाट होते, सायलेन्सरमधून काळा धूर निघतो, आयडलिंग अडखळते. दोष गॅसचा, भोगतो पेट्रोल.

भाषावैज्ञानिकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. युरिएल वाइनराइख याने १९५३ च्या आपल्या ग्रंथात द्विभाषिकाच्या एका भाषेच्या सवयी दुसऱ्या भाषेत कशा शिरतात याचे जे विवेचन केले, तेच येथे धातूच्या नळ्यांत चाललेले असते. अशा बोलणाऱ्याच्या मराठीतील विचित्र प्रयोग समजण्यासाठी त्याचे हिंदी ऐकावे लागते. तसेच गॅस किटच्या गाडीचे आहे.

यावरून तपासाची पहिली पायरी आपोआप ठरते. 'कोणत्यावर मिस मारते भाऊ, पेट्रोलवर का गॅसवर?' हा प्रश्न ज्या मिस्त्रीने विचारला त्याने निम्मे काम केले. फक्त गॅसवर थरथर असेल तर गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर, रिड्यूसर आणि कोष्टक यांकडे पाहावे. पण त्याही आधी प्लग आणि कॉईल पाहावे. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडण्यास पेट्रोलपेक्षा अधिक विद्युत्दाब लागतो, म्हणून म्हातारा प्लग पेट्रोलवर वेळ मारून नेतो आणि गॅसवर उघडा पडतो. फक्त पेट्रोलवर थरथर असेल तर वरील शिकलेल्या भरपाईचा संशय घ्यावा. शिवाय महिनोन्महिने केवळ गॅसवर चालविलेल्या गाडीचे पेट्रोल इंजेक्टर चिकटून बसतात आणि टाकीतील पेट्रोल शिळे होते, हेही ध्यानात ठेवावे. थंड सकाळी गॅसवर नीट न चालणारी आणि तापल्यावर सुधारणारी गाडी असेल, तर रिड्यूसरकडे गरम कूलंट पोहोचते की नाही ते पाहावे. द्रवरूप एलपीजीची वाफ होताना, किंवा दाबाखालचा सीएनजी प्रसरण पावताना, उष्णता शोषली जाते. ती कूलंटने पुरवावयाची असते. रेडिएटरात पाणी कमी झाले की रिड्यूसर अक्षरशः गारठतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो, पण त्याचा रिड्यूसरला फारसा उपयोग नाही.

दोन्ही इंधनांवर सारखीच थरथर असेल तर दोष दोहोंना समान असलेल्या ठिकाणी आहे: ठिणगी, हवा, किंवा सिलिंडरमधील दाब. एक उदाहरण देतो. अकोल्याच्या एका चालकाची तीन सिलिंडरांची लहान गाडी भाड्याने चालत असे. दिवा लागला, संकेतांक 'पी-०३०३' आला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. एका गॅरेजात प्लग बदलले, मग कॉईल बदलली, मग तिसरा पेट्रोल इंजेक्टर बदलला. भाड्याच्या गाडीवर पोट असणाऱ्या माणसाचे यात आठवड्याहून अधिक दिवस आणि दोन महिन्यांची बचत गेली. थरथर तशीच. वस्तुतः त्याच्या बोलण्यात दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून होत्या: 'दोन्हीवर होते' आणि 'पळताना काही नाही, उभी राह्यली का थरथरून राह्यते'. पहिली गोष्ट पेट्रोल इंजेक्टरला निर्दोष ठरविते, कारण गॅसवर तो बंद असतो. दुसरी गोष्ट चोरट्या हवेकडे बोट दाखविते. गॅस किट बसविताना मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्याला भोक पाडून एकेक पितळी नोझल बसवितात आणि त्याला गॅसची रबरी नळी जोडतात. तिसऱ्या नोझलची नळी मुळाशी चिरलेली होती. अखेर एका वयस्क मिस्त्रीने ती पकडीने नोझललगत चिमटली आणि इंजिन तत्क्षणी शांत झाले. नवी नळी काही रुपयांची होती. संकेतांक खोटा बोलला नव्हता. तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर खरोखरच होता. तो का, हे सांगण्याची शक्ती संकेतांकात नव्हती, इतकेच.

चोरट्या हवेविषयी एक बारकावा सांगणे आवश्यक आहे, कारण परदेशी पुस्तकांतील सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. काही गाड्यांत आत येणाऱ्या हवेचे वजन तारेच्या सेन्सरने मोजतात. तेथे सेन्सरनंतर शिरलेली हवा मोजमापातून सुटते आणि मिश्रण विरळ होऊन 'पी-०१७१' येतो. आपल्याकडील पुष्कळशा लहान गाड्यांत मात्र हवा मोजण्याऐवजी मॅनिफोल्डमधील दाब मोजतात. चोरटी हवा तो दाबही वाढविते, म्हणून संगणक इंधनही वाढवितो. परिणामी मिश्रण फारसे विरळ न होता रेस चढते किंवा वरखाली झुलते आणि 'पी-०५०७', म्हणजे आयडलिंग अपेक्षेहून अधिक, असा संकेतांक येतो. तेव्हा एकाच दोषाची दोन गाड्यांत दोन नावे होतात. ज्याच्याजवळ भरपाई दाखविणारे छोटे यंत्र आहे (ते आता फार महाग राहिलेले नाही, आणि स्टिअरिंगखालच्या १६ टोकांच्या खोबणीत बसते), त्याने भरपाई दोनदा पाहावी: एकदा आयडलिंगवर, एकदा २५०० फेऱ्यांवर. उभ्याने जास्त आणि २५०० वर ठीक, तर हवा चोरून येत आहे. उभ्याने ठीक आणि २५०० वर जास्त, तर इंधन पुरेसे पोहोचत नाही. हा तपास पाच मिनिटांचा आहे, आणि एकही भाग उघडावा लागत नाही.

बाकीचे बदल थोडक्यात. तेल लावलेल्या सुती जाळीचा उघडा फिल्टर तारेच्या सेन्सरवर तेलाचा थर चढवितो, आणि काळ्या मातीची धूळ त्यावर बसली की मोजमाप बिघडते. जादा दिवे आणि स्पीकर यांचे अर्थिंग इंजिनाच्या अर्थिंगच्या बोल्टला जोडले, तर दिवे लावताच रेस पडते आणि सेन्सरांचे निरोप डळमळतात. हा दोष रात्री दिसतो आणि गॅरेज दिवसा उघडे असते, म्हणून तो सापडत नाही. बराच काळ गॅसवर चाललेल्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजून व्हॉल्व्हची फट कमी होते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि उभ्याने एक सिलिंडर दाब धरीत नाही. प्लग, कॉईल, नळ्या सगळे ठीक असूनही थरथर राहिली तर 'टॅपेट' तपासून घ्यावेत. जुने कारागीर ते कानाने ओळखीत, पण फट कमी झाल्यावर आवाज वाढत नाही, उलट मिटतो. शांत टॅपेट नेहमीच निरोगी नसतात.

काही गॅरेजांत दोष न शोधता दिवाच विझविण्याचा उपाय करतात. सेन्सरऐवजी खोटा निरोप देणारी एक लहान पेटी जोडतात, किंवा डॅशबोर्ड उघडून दिवाच काढून टाकतात. या उपायाबद्दल मला कडक शब्द वापरावेसे वाटतात. स्थिर पिवळा दिवा म्हणजे लवकर पाहा. लुकलुकणारा पिवळा दिवा म्हणजे मिसफायर इतका आहे की न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत आहे. त्या वेळी वेग उतरवून शक्य तितक्या लवकर थांबावे. आतील जाळी वितळली की ती वाट अडविते, गाडीचा ओढ जातो, आणि मग 'पी-०४२०' हा संकेतांक येतो. तो वाचून नवा कन्व्हर्टर बसविला तरी मूळ मिसफायर राहिल्यास तोही तसाच जातो. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा हे प्रकरण निराळे आहे. तेथे अर्थनिर्णय नको, इंजिन ताबडतोब बंद करावे. गॅसचा वास आला तर तीच गोष्ट. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गॅरेजच्या खड्ड्यात साचते, आणि गळती साबणाच्या पाण्याने शोधावयाची असते, काडीने नव्हे. घरगुती सिलिंडरमधील गॅस मोटारीत भरणे कायद्याने निषिद्ध आहे; शाळेच्या मुलांना नेणाऱ्या व्हॅनच्या मालकांनी तरी हे विसरू नये.

बदलांना कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकच लावला. गॅस किटला मुभा आहे, पण ते मान्यताप्राप्त असावे आणि त्याची नोंद अमरावती (एमएच-२७) वा अकोला (एमएच-३०) येथील परिवहन कार्यालयात पुस्तिकेवर झालेली असावी. भारत स्टेज ६ च्या पेट्रोल गाड्यांनाही २०२२ पासून ही मुभा मिळाली. सीएनजीच्या टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

राहता राहिली बॅटरीची तार. थरथर सुरू झाली की 'दहा मिनिटं तार काढून ठेवा' असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने दिवा विझतो हे खरे. परंतु संकेतांकाबरोबर संगणकाने त्या क्षणाची एक नोंद ठेवलेली असते: फेरे किती होते, कूलंट किती तापले होते, इंजिनावर भार किती होता, गाडीचा वेग काय होता. तार काढताच ही साक्ष पुसली जाते. शिकलेली भरपाई आणि आयडलिंगची बसलेली सवयही त्याबरोबर पुसली जात असल्यामुळे पुढील दिवस-दोन दिवस निरोगी गाडीसुद्धा उभ्याने अडखळते, आणि त्या अडखळण्यालाच नवा दोष समजून आणखी एखादा भाग बदलला जातो. म्हणून संकेतांक आणि ती नोंद आधी कागदावर उतरून घ्यावी, त्याखाली गाडीतील सर्व बदल, ते केल्याच्या तारखा आणि थरथर कोणत्या इंधनावर येते ते लिहावे, आणि मगच तारेला हात लावावा.